या वयात माइनक्राफ्ट खेळते, हे व्यसन आहे का?

वाचकाचं पत्र:

ताई, नाव छापू नका. वय ४७, सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते, पतसंस्थेत काउंटरवर आहे. लॉकडाऊनमध्ये लेकीच्या ऑनलाइन शाळेसाठी टॅब घेतला होता, त्यावर तिने मला माइनक्राफ्ट शिकवलं. तेव्हा ती नववीत होती, आता पुण्याला हॉस्टेलवर असते. ती गेली पण माझा खेळ सुटला नाही. जेवणं झाली, ओटा आवरला, सकाळची भाजी निवडून ठेवली की साडेनऊ-दहाला टॅब घेऊन बसते, अकरा वाजतात, कधी साडेबारा. डोंगराच्या पोटात घर केलंय, खाली खाण आहे, बाहेर गव्हाचं शेत आणि मेंढ्या. कुणी करायला सांगितलं नाही, कुणी बघायला येत नाही, बक्षीस नाही. तरी काउंटरवर नोटा मोजताना डोक्यात येतं की आज नदीच्या पलीकडे जायचं. मिस्टर म्हणतात हा लहान पोरांचा खेळ, जाऊबाई हसतात. मागच्या महिन्यात लाव्हात पडले, सगळे हिरे गेले, चक्क रडू आलं. एकदा गॅसवरचं दूध उतू गेलं तेव्हापासून घरात व्यसन हा शब्द ऐकू येतो. असं काय आहे हो या खेळात? बंद करू का? आणि अजून एक, लेकीने अर्धवट सोडलेलं घर त्याच वर्ल्डमध्ये आहे, ते मी पूर्ण करावं का?

– खाणवाली

खाणवाली ताई,

बंद करू नका. हे आधीच सांगून टाकते म्हणजे पुढचं तुम्ही निवांत वाचाल. एक-दोन गोष्टी बदलाव्या लागतील, त्या सांगतेच, पण आधी "असं काय आहे यात" याच्याकडे येऊ, कारण मला पत्र वाचून असं वाटलं की ते घरच्यांना सांगता येत नाहीये आणि सांगता येत नाही म्हणूनच तुम्हाला जास्त अपराधी वाटतंय. मी स्वतः हे खेळ बरीच वर्षं खेळते, त्यामुळे हा प्रश्न माझ्याही जिव्हाळ्याचा आहे.

तुमची तिथली पहिली रात्र आठवा. ते सगळं जगच चौकोनी ठोकळ्यांचं, म्हणजे ब्लॉकचं. खेळ सुरू होतो तेव्हा आपण कुठल्यातरी माळावर उभे असतो, हात रिकामे, समोर झाडं, आणि आता काय करायचं ते सांगणारं कुणी नाही. झाडावर बोट दाबून धरलं की ओंडका हातात येतो, एका ओंडक्याच्या चार फळ्या, चार फळ्यांचं क्राफ्टिंग टेबल, म्हणजे वस्तू बनवायचं टेबल, मग फळ्यांच्या काड्या, मग वर तीन फळ्या आडव्या आणि खाली दोन काड्या उभ्या ठेवल्या की झाली कुदळ. ती मांडणीच कुदळीसारखी दिसते बघा, पाठ करायची गरजच पडत नाही. तोवर सूर्य कलायला लागतो. तिथला अख्खा दिवस आणि रात्र मिळून २० मिनिटांचे, त्यात लख्ख उजेडाची जेमतेम दहा, आणि अंधार पडला की झोंबी येतात, सांगाडे येतात, आणि तो हिरवा क्रीपर येतो जो गुपचूप मागे येऊन उभा राहतो आणि फुटतो. (हा क्रीपर मुळात डुक्कर बनवताना लांबी-उंचीचे आकडे उलटे पडले त्यातून तयार झाला, बनवणाऱ्यानेच सांगितलंय, मला ही गोष्ट फार आवडते.) मग आपण घाईघाईने डोंगरात एक भोक पाडतो, तोंडाला माती लावतो आणि आत बसून राहतो. बाहेर गुरगुर चाललीये, मी आत आहे आणि ही भिंत मी लावलीये, एवढंच असतं तिथे, पण माणूस या खेळाचा होतो तो त्या दोन ब्लॉकच्या भोकात.

सकाळी बाहेर आलं की पुढचं सगळं आपोआप सुचत जातं. रात्र टाळायची तर पलंग हवा, पलंगाला तीन लोकर आणि तीन फळ्या, म्हणजे मेंढ्या शोधा, मेंढ्या पळून जाऊ नयेत म्हणून कुंपण घाला, त्या वाढाव्यात म्हणून गहू लावा, गव्हाला पाणी हवं, आणि पाण्याचा एक ब्लॉक चारही बाजूंना चार-चार ब्लॉकपर्यंत जमीन ओली ठेवतो म्हणून मग नऊ बाय नऊचं वावर. तुमचंही शेत असंच झालं असणार, पैज लावते. पाणी आणायला बादली, बादलीला तीन लोखंड, लोखंडासाठी खाण. यातलं एकही काम कुणी तुमच्यापुढे आणून ठेवलेलं नाही, प्रत्येक काम आधीच्या कामातून तुम्हालाच दिसलं आणि तुम्हीच ठरवलं की हे करायचं.

आणि ताई, माझ्या मते सगळी गोम इथेच आहे. तुमचा दिवस बघा ना. सकाळचा डबा किती वाजता ते मिस्टरांच्या ड्युटीवर नाहीतर तुमच्या बसवर, पतसंस्थेत काउंटर किती वाजता उघडायचं ते मॅनेजर ठरवणार, समोर कोण येणार ते गिऱ्हाईक ठरवणार, संध्याकाळी भाजी काय करायची हे सुद्धा घरात कुणाला काय चालतं यावर. आणि केलेलं काम टिकत कुठे? पोळ्या संपल्या, ओटा पुसला की सकाळी परत खरकटा, नोटा दिवसभर मोजल्या त्या दुसऱ्याच्या. मी हे तक्रार म्हणून म्हणत नाही, घर असंच चालतं. पण माणसाला केव्हातरी असं एक काम हवं असतं की जे मी ठरवलं, मी केलं आणि उद्या येऊन बघितलं तर ते तिथेच आहे. माइनक्राफ्टमध्ये वाळू-खडी असले थोडे ब्लॉक सोडले तर काही खाली सुद्धा पडत नाही, जिथे लावलं तिथे राहतं. आणि तुम्ही खेळ बंद केलात की ते जग थांबतं, मेंढ्या उपाशी मरत नाहीत, गहू वाळत नाही, दोन महिन्यांनी गेलात तरी सगळं तसंच. ही केवढी मोठी सोय आहे! मोबाईलवरचे कितीतरी खेळ रोज या नाहीतर बक्षीस बुडालं, तीन तासांत परत या नाहीतर पीक वाळलं, असं मागे लागून बोलावतात. माइनक्राफ्ट बोलवत नाही. तुम्हाला जावंसं वाटतं म्हणून तुम्ही जाता.

मानसशास्त्रवाल्यांनी पण हे तपासलंय. रिचर्ड रायन, स्कॉट रिग्बी आणि अँड्र्यू शिबिल्स्की या तिघांनी २००६ मध्ये खेळ माणसाला का ओढतात यावर एक अभ्यास केला होता, त्यांचं म्हणणं साधारण असं की माणसाच्या तीन मूळ गरजा असतात, आपलं आपण ठरवता यावं, आपल्याला काहीतरी जमतंय असं वाटावं आणि आपली माणसं सोबत असावीत, आणि जो खेळ या गरजा भागवतो तो आवडतो आणि परत परत खेळावासा वाटतो. तुमच्या पत्रात पहिल्या दोन अगदी स्पष्ट दिसतात. तिसरी लॉकडाऊनमध्ये होती, लेक शेजारी बसायची तेव्हा, आता ती कमी पडलीये. त्यावर पुढे बोलू.

नदीच्या पलीकडे जायचं म्हणताय ना, ते सुद्धा साधं नाहीये. तुमचं वर्ल्ड एका आकड्यातून तयार होतं, त्याला सीड म्हणतात, आणि हे आकडे इतके प्रचंड आहेत की तुम्ही स्वतः एखादा सीड टाकला नसेल तर तुमच्या नदीपलीकडची ती टेकडी तुमच्याआधी बहुधा कुणी पाहिलेली नसेल. तुम्ही चालाल तशी पुढची जमीन घडत जाते. कॉम्प्युटरवरच्या जावा एडिशनमध्ये (ही खेळाची एक आवृत्ती) हे जग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ६ कोटी ब्लॉकचं आहे, एक ब्लॉक म्हणजे एक मीटर धरा. अमेरिकेत कर्ट मॅक म्हणून एक जण आहे, तो २०११ मध्ये खेळाच्या एका जुन्या आवृत्तीत पश्चिमेकडे चालायला लागला, कारण त्या आवृत्तीत सव्वा कोटी ब्लॉकच्या पुढे गणित बिघडून जमिनीच्या विचित्र उंचच उंच भिंती तयार व्हायच्या, त्याला फार लँड्स म्हणतात, तिथे पायी जायचं म्हणून. वर्षानुवर्षं चालला, गप्पा मारत, व्हिडिओ टाकत, आणि त्यातून हॉस्पिटलमधल्या मुलांना खेळणी देणाऱ्या संस्थेसाठी पैसे जमवले. तुमच्यासारखंच, त्यालाही कुणी जा म्हणालं नव्हतं. टेकडीमागे काय आहे ते बघायचं ही ओढ फार जुनी आहे हो, आणि आपल्याकडे सत्तेचाळीसाव्या वर्षी बाईने एकटीने उठून नदीपलीकडे जाऊन बघून यावं अशी मुभा किती घरांत आहे ते तुम्हीच सांगा. तुम्हाला ती रात्री दहा वाजता टॅबमध्ये मिळते. मला यात हसण्यासारखं काहीच दिसत नाही.

आता लाव्हा. रडू आलं याची लाज वाटून घेऊ नका. ते हिरे तुम्ही विकत घेतले नव्हते, खाली उतरून, अंधारात टॉर्च लावत लावत, किती संध्याकाळी घालवून काढले होते. गेली ती मेहनत आणि तो वेळ. पण मी तर म्हणेन की गेल्याचं वाईट वाटतं म्हणूनच मिळाल्याचा आनंद एवढा होतो, सगळं फुकट मिळणाऱ्या क्रिएटिव्ह मोडमध्ये तुम्ही हिऱ्यांचा डोंगर रचलात तरी छातीत तसं धडधडणार नाही. हं, पुढच्या वेळी मात्र काळजी घ्या. २०२१ च्या अखेरीस आलेल्या अपडेटपासून जग उणे ६४ व्या थरापर्यंत खोल झालंय, हिरे जास्त करून तळाकडेच सापडतात आणि नेमक्या त्याच थरात पोकळ जागांमध्ये लाव्हा भरलेला असतो. म्हणून पायाखाली सरळ खणायचं नाही, पायऱ्या करत उतरायचं, आणि पाण्याची बादली कायम हाताशी. नुसतं मेलात तर सामान पाच मिनिटं जमिनीवर पडून राहतं, पळत जाऊन आणता येतं, लाव्हात पडलं तर संपलंच. जमेल तेव्हा एंडर चेस्ट नावाची पेटी करा, त्यात ठेवलेलं जगात कुठेही दुसऱ्या एंडर चेस्टमधून काढता येतं आणि तुम्ही मेलात तरी ते सुरक्षित राहतं. आणि हे सगळं नकोच वाटत असेल तर सेटिंगमध्ये कीप इन्व्हेंटरी चालू करता येतं, म्हणजे मेलात तरी सामान तुमच्याजवळच राहतं, ते चीट्समध्ये (खेळाचे नियम सैल करण्यात) मोडतं, अचिव्हमेंट, म्हणजे खेळातल्या शाबासक्या, बंद होतात, पण तुम्हाला कुठे कुणाला दाखवायच्या आहेत?

व्यसनाचं. हा शब्द घरात फार सहज वापरतात, म्हणून नीट सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंग डिसऑर्डर हा आजार त्यांच्या यादीत घेतलाय, २०१९ मध्ये मंजूर झालं आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू. त्याच्या खुणा अशा की खेळण्यावर स्वतःचा ताबा राहत नाही, बाकीच्या आवडी आणि रोजची कामं मागे पडून खेळच पहिला होतो, नुकसान होतंय हे दिसत असून खेळ चालूच राहतो किंवा वाढतो, आणि या सगळ्याने घर, नोकरी, नाती यांच्यावर मोठा परिणाम होतो, आणि हे सहसा वर्षभर तरी चाललेलं असावं लागतं. आता तुमचं बघा. तुम्ही ओटा पुसून, उद्याची भाजी निवडून मग बसता. नोकरी नीट चालू आहे. एकदा दूध उतू गेलं. दूध हे मालिका बघताना जातं, फोनवर बहिणीशी बोलताना जातं, आणि कुणी नुसतं खिडकीत उभं असलं तरी जातं. एका दुधावरून माणूस व्यसनी ठरत नाही.

ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०२२ मध्ये एक मोठा अभ्यास छापला, वेगवेगळे सात खेळ खेळणारे जवळपास ३९ हजार लोक, आणि कोण किती वेळ खेळलं हे लोकांना न विचारता कंपन्यांच्या नोंदीवरून घेतलं. त्यात असं दिसलं की किती तास खेळलं याचा मनाच्या बरं असण्यावर जवळपास परिणामच नाही, फरक पडतो तो का खेळतो याने, मजा वाटते म्हणून की खेळलंच पाहिजे असं वाटतं म्हणून. तेव्हा हा प्रश्न तुम्ही स्वतःला अधूनमधून विचारत जा. ज्या रात्री टॅब उघडताना उत्साह वाटत नाही, नुसतं बोट आपोआप तिकडे जातं, त्या रात्री नका उघडू. आणि हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी खरंच वरच्या खुणा दिसत असतील, मुलगा शाळा सोडून, जेवण सोडून बसत असेल, तर केंद्र सरकारची मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं, बेंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत तर यासाठी २०१४ पासून वेगळं क्लिनिकच आहे. ओरडून आणि मोबाईल आपटून काही होत नाही.

पण साडेबारा, ताई. हे मात्र मला पटलेलं नाही. तुम्ही उठता किती वाजता हे लिहिलं नाहीत, पण डबा करून नोकरीला जाणारी बाई साडेपाच-सहाच्या पुढे झोपत नाही, म्हणजे पाच तास झोप, आणि सत्तेचाळीस हे वय असं की या काळात अनेकींची झोप तशीही बिघडायला लागते. रात्रीच्या या उशिराला मी खेळाचा दोष म्हणणार नाही पण खेळाची रचना त्याला कारण आहे, कारण तिथे शेवट असा येतच नाही. बादलीला लोखंड हवं, लोखंडाला भट्टी हवी, भट्टीला कोळसा, कोळसा आणायला गेलो तर तिथे नवीन गुहा सापडते, गुहेत पेटी दिसते, आणि प्रत्येक वेळी पुढचं टोक एवढं जवळ दिसतं की आता उठणं वेडेपणाचं वाटतं. एंडर ड्रॅगन हा सगळ्यात मोठा शत्रू मारला की श्रेयनामावली येते पण त्यानंतरही वर्ल्ड चालूच. त्यामुळे शेवट आपणच करायचा असतो.

माझी पद्धत सांगते, पटली तर करा. थांबायचं ते नेहमी तिथल्या सकाळी. म्हणजे संध्याकाळ झाली की घरी यायचं, सामान पेट्यांमध्ये लावायचं, पलंगावर झोपायचं आणि उजाडलं की सेव्ह करून बंद. रात्री झोपून काढल्या तर तिथला एक दिवस साधारण साडेदहा-अकरा मिनिटांत उरकतो, म्हणजे पाच-सहा दिवस हा एक तास. आज पाच दिवस खेळणार असं ठरवून बसलात तर साडेदहाला टॅब खाली जातो. खाणीत उतरलात की सूर्य दिसत नाही, तिथेच गाडी घसरते, म्हणून खाणकाम शनिवारी रात्री ठेवा आणि आठवड्यात वरची कामं, शेत, कुंपण, रस्ते, तुमचं ते नदीपलीकडचं. आणि उठताना एक काम मुद्दाम अर्धं सोडा, काय करायचं ते लक्षात राहील असं, म्हणजे उद्या बसल्यावर काय करू म्हणून भटकण्यात वेळ जाणार नाही. पहिले काही दिवस मोबाईलला गजर लावा. एक अजून, त्यातल्या मार्केटप्लेसमध्ये खऱ्या पैशांनी माइनकॉइन्स (खेळातली नाणी) घेऊन नकाशे आणि पोशाख विकत घेता येतात, त्याची तुम्हाला काही गरज नाही, टॅबवर कार्ड जोडलेलं असेल तर काढून टाका.

तुम्हाला वाटलं तर या जातीचे बाकीचे खेळ पण आहेत, शेतीच हवी असेल तर स्टारड्यू व्हॅली, एरिक बारोन नावाच्या एकट्या माणसाने चारेक वर्षं राबून चित्रं, संगीत, गोष्ट सगळं स्वतः केलं आणि २०१६ मध्ये आणला, तो टॅबवरही चालतो. सबनॉटिका समुद्राखालचा आहे, फार सुंदर पण भीती खरी वाटते. रस्टच्या वाटेला जाऊ नका असं मात्र स्पष्ट सांगते, तिथे तुम्ही झोपलेल्या असताना दुसरे लोक येऊन तुमचं घर फोडून नेतात, म्हणजे मघाशी म्हटलं तो निवांतपणाच नाही, आणि माणूस घर राखायला रात्रभर जागतो.

मिस्टरांचं काय करायचं? लहान पोरांचा खेळ म्हणतात तर त्यांना एवढं सांगा, २००९ मध्ये स्टॉकहोमच्या मार्कुस पर्सन या प्रोग्रामरने अर्धवट असतानाच हा खेळ लोकांपुढे ठेवला, पूर्ण आवृत्ती २०११ च्या नोव्हेंबरात आली, २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने अडीच अब्ज डॉलर मोजून ती कंपनी घेतली, आणि २०२३ मध्ये विकलेल्या प्रतींचा आकडा ३० कोटींच्या वर गेला, एवढ्या प्रती काही फक्त पोरांनी घेतलेल्या नाहीत. संयुक्त राष्ट्रांची शहरं आणि वस्त्यांवर काम करणारी संस्था २०१२ पासून हा खेळ वापरून गरीब वस्त्यांमधल्या लोकांना बसवते, बायका, म्हातारी माणसं, मुलं, आणि आपली मोकळी जागा कशी हवी ते त्यांना ब्लॉकमध्ये रचून दाखवायला सांगते. पत्रकारांसाठी काम करणाऱ्या रिपोर्टर्स विदाऊट बॉर्डर्सने २०२० मध्ये यात एक भलंमोठं ग्रंथालय बांधलं, ज्या देशांत बंदी आहे तिथल्या पत्रकारांचे लेख लोकांना वाचता यावेत म्हणून.

पण खरं सांगू का, आकड्यांनी नवरे ऐकत नाहीत. त्यापेक्षा त्यांना विचारा की लहानपणी दिवाळीत किल्ला करायचात का. सांगलीकडचा माणूस आहे, केला असणारच. माती कुठून आणायचात, दगड कुठले, हळीव कधी पेरायचात, गुहा कशी करायचात, बुरुज ढासळला तर काय करायचात, हे सगळं विचारा आणि त्यांना बोलू द्या, मग त्या किल्ल्याचं काय बक्षीस मिळायचं ते विचारा, आणि मग तुमचं डोंगरातलं घर त्यांना दाखवा. खेळायला लावू नका. नुसतं फिरवून आणा, दारापासून खाणीपर्यंत. आत्तापर्यंत त्यांनी फक्त टॅबमध्ये मान घालून बसलेली बायको बघितलीये, त्या टॅबच्या आत तिने काय उभं केलंय ते कधी बघितलेलंच नाही. जाऊबाईंना मात्र काही समजावत बसू नका, त्यांचं हसणं दोन दिवसांत दुसऱ्या विषयाकडे वळेल.

आता लेकीचं घर. पूर्ण करू नका. तुम्ही विचारलंत याचा अर्थ तुमचा हात आधीच थबकलाय आणि तो बरोबर थबकलाय. मी वर एवढं सांगितलं की या खेळात जे लावलं ते आपलं असतं, ते तिच्यासाठी पण खरं आहे ना. छप्पर कुठल्या लाकडाचं करायचं होतं, खिडक्या कुठे येणार होत्या हे तिच्या डोक्यात आहे, तुमच्या हातून झालं तर ते तुम्ही बांधलेलं घर होईल, आणि तिने एक दिवस वर्ल्ड उघडलं आणि घर पूर्ण दिसलं तर तिला आनंदच होईल असं नाही. आसपास टॉर्च लावून ठेवा म्हणजे तिथे झोंबी उगवणार नाहीत आणि क्रीपर उगवून भिंत उडवणार नाही, एवढंच. आणि तिला विचारा. "तुझं छप्पर राहिलंय, काय करायचं ठरवलं होतंस?" एवढा एक मेसेज. अभ्यास झाला का, जेवलीस का याच्या पलीकडे तुमच्या दोघींत बोलायला हा विषय आहे, आणि तो तिनेच तुम्हाला दिलाय. हॉस्टेलवरच्या पोरींना आईचे काळजीचे फोन नको होतात, पण आईला डायमंड कुठे सापडले हे ऐकायला त्या दहा मिनिटं नक्की काढतात.

तिला तुमच्या वर्ल्डमध्ये बोलवता पण येतं. दोघींची मायक्रोसॉफ्ट अकाउंट काढायची, एकमेकींना फ्रेंड म्हणून घ्यायचं, मग तुम्ही वर्ल्ड उघडलेलं असताना तिला तिच्या मोबाईलवरून आत येता येतं. तिच्या लॅपटॉपवर जावा एडिशन असेल तर त्यातून जमणार नाही, टॅबवर जी असते ती बेडरॉक एडिशन, दोन्हीकडे तीच लागते, पण २०२२ पासून कॉम्प्युटरसाठी दोन्ही एकत्रच विकतात, तेव्हा तिच्याकडे असेलही, विचारून बघा. रविवारी दुपारी एखादा तास ठरवा. तिसरी गरज म्हटलं होतं ना, आपली माणसं सोबत असण्याची, ती अशी भागेल, आणि मला वाटतं रोज रात्री बारापर्यंत बसण्याची ओढ पण त्याने थोडी कमी होईल.

आणि हे मात्र आजच करा, उद्यावर ढकलू नका. तुमचा टॅब लॉकडाऊनमधला आहे, म्हणजे आता बराच जुना. ते सगळं वर्ल्ड, तुमचं घर, शेत, लेकीची अर्धी भिंत, सगळं त्या एका टॅबमध्येच आहे, कुठे वर साठवलेलं नाही. टॅब बिघडला, कुणी रिसेट मारला किंवा जागा नाही म्हणून अॅप काढून परत टाकलं तर ते परत येत नाही. वर्ल्डच्या नावाशेजारी पेन्सिलीची खूण आहे, ती दाबा, सेटिंगमध्ये खाली गेलात की एक्सपोर्ट वर्ल्ड असं दिसेल, ते दाबलं की एक फाइल तयार होते, ती गूगल ड्राइव्हवर टाका आणि एक प्रत लेकीला पाठवा. दर महिन्याला पगाराच्या दिवशी हे करायचं असं ठरवून टाका म्हणजे विसरणार नाही. अडलं तर लेकीला फोन लावा, ती दोन मिनिटांत करून देईल.